बाकीची गाडी कुठे गेली?

२२ मे १९१५ ची सकाळ. स्कॉटलंडमध्ये, इंग्लंडच्या सीमेलगत, क्विंटिन्सहिल नावाच्या ठिकाणी सैनिकांना घेऊन जाणारी एक आगगाडी रुळांवर उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीवर वेगाने आदळली. जेमतेम एक मिनिट गेले असेल, तोच समोरून आलेली एक एक्स्प्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. सैनिकांच्या गाडीचे डबे लाकडी होते आणि दिव्यांसाठी त्यांत गॅस भरलेला होता. आग भडकली. दोनशेवीसहून अधिक माणसे मेली. त्यांतले बहुतेक युद्धावर निघालेले सैनिक होते.

या अपघाताच्या वर्णनांत एक साधे मोजमाप नेहमी येते. धडकेपूर्वी सैनिकांची गाडी २१३ यार्ड, म्हणजे सुमारे १९५ मीटर लांब होती. धडकेनंतर तिची लांबी ६७ यार्ड, म्हणजे सुमारे ६१ मीटर भरली.

१९५ मीटरची गाडी ६१ मीटरची झाली. मग बाकीची १३४ मीटर गाडी कुठे गेली? प्रश्न लहान मुलाने विचारावा असा आहे, पण त्याचे नीट उत्तर शोधायला अभियंत्यांना शंभर वर्षे लागली. उत्तर सापडल्यावरही ते प्रत्यक्ष रुळांवर यायला फार वेळ लागला. या लेखात हे दोन्ही प्रवास पाहू.

पट्टी आणि खोके

आधी एक प्रयोग करू. लाकडाच्या दोन फूटपट्ट्या घ्या. प्रत्येक पट्टीवर पुठ्ठ्याचे एक रिकामे खोके चिकटवा. झाले आपले दोन डबे. जुन्या रेल्वे डब्याची रचना जवळजवळ अशीच असे. खाली जाड, मजबूत चौकट आणि तिच्यावर हलके घर. ओढण्या-ढकलण्याचा सगळा जोर चौकटीने सोसायचा. घराचे काम फक्त ऊनपाऊस अडवण्याचे.

आता पट्ट्यांची टोके एकमेकींना भिडवून दोन्ही बाजूंनी हाताने दाबा. पट्ट्या हलत नाहीत, खोकी शाबूत राहतात. मग एक पट्टी अर्धा सेंटिमीटर वर उचला आणि पुन्हा दाबा. वरची पट्टी खालच्या पट्टीवरून सरकते आणि समोरचे खोके फाडत थेट आत जाते. जोर फारसा लागत नाही. पट्टी पट्टीला अडवत होती, पुठ्ठा पट्टीला अडवू शकत नाही.

आगगाडीच्या धडकेत हेच घडते. पुढचा डबा एकदम थांबतो आणि मागचा पुढे ढकलत राहतो. डब्याचा गुरुत्वमध्य चौकटीच्या वर असल्यामुळे डबा पुढे झुकतो, त्याचे मागचे टोक उचलले जाते. दोन चौकटी एका रेषेत राहिल्या नाहीत की एक दुसरीवर चढते आणि शेजारच्या डब्यातून जमिनीपासून काही फुटांवरून, म्हणजे बसलेल्या माणसांच्या उंचीवरून, करवतीसारखी फिरते. एक डबा दुसऱ्यात शिरतो. खलाशांच्या दुर्बिणीच्या नळ्या जशा एकमेकींत सरकतात तसाच हा प्रकार, म्हणून इंग्रजीत याला टेलिस्कोपिंग म्हणतात. आपल्याला काड्यापेटी जवळची. तिचा आतला खण बाहेरच्या वेष्टणात जसा बसतो, तसा डबा डब्यात बसतो. फरक इतकाच की काड्यापेटीत खणासाठी जागा मोकळी असते. डब्यात त्या जागी माणसे असतात.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे: बाकीची गाडी गाडीतच गेली.

लाकडाकडून पोलादाकडे

लाकूड वाईट आहे हे कळायला क्विंटिन्सहिलची वाट पाहावी लागली नव्हती. १० ऑगस्ट १९०३ रोजी पॅरिसच्या भुयारी रेल्वेत आग लागून कुरोन स्थानकाच्या परिसरात ८४ माणसे दगावली. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये भुयारी रेल्वेची तयारी चालू होती. तिथले सल्लागार अभियंते जॉर्ज गिब्ज यांचा आग्रह होता की भुयारात चालणारा डबा संपूर्ण पोलादाचा हवा. अडचण अशी होती की असा प्रवासी डबा मोठ्या संख्येने कोणी बांधलाच नव्हता. कारखान्यांकडे आधीच भरपूर कामे होती आणि पोलादी डबा जड होईल, त्यात आवाज फार होईल, उन्हाळ्यात तो तापेल, अशा शंकाही होत्या.

शेवटी पेनसिल्व्हेनिया रेल्वेने आपल्या आल्टूना येथील कारखान्यात नमुन्याचा एक डबा बांधून दिला. त्या रेल्वेला स्वतःलाच हडसन नदीखालून बोगदे न्यायचे होते, त्यामुळे तिलाही या प्रश्नात रस होता. नमुना पाहून ३०० पोलादी डब्यांची मागणी नोंदवली गेली. पण २७ ऑक्टोबर १९०४ रोजी न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली ती फक्त या डब्यांवर नव्हे. पोलादाची वाट पाहता येत नाही म्हणून ५०० लाकडी डबे आधीच मागवलेले होते. त्यांची चौकट मजबूत केलेली आणि बाहेरून तांब्याचे पत्रे ठोकलेले. म्हणजे पहिल्याच दिवशी चांगला डबा आणि ‘चालेल’ असा डबा एकाच मार्गावर धावत होते. ही जोडी पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

शेजारच्या ब्रुकलिनमध्ये दुसऱ्या कंपनीचे साधे लाकडी डबे उन्नत मार्गांवरून धावत. १ नोव्हेंबर १९१८ च्या संध्याकाळी तिथल्या मोटरमनचा संप चालू होता, म्हणून कार्यालयीन कामातल्या एका कर्मचाऱ्याला जुजबी शिक्षण देऊन गाडीवर पाठवले गेले. मालबोन स्ट्रीटजवळ बोगद्यात शिरताना एक तीव्र वळण होते. तिथली वेगमर्यादा ताशी ६ मैल होती आणि गाडीचा वेग ताशी ३० मैल किंवा त्याहून जास्त होता. गाडी घसरून बोगद्याच्या भिंतीवर आदळली. पाच डब्यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या डब्याची एक बाजू आणि छप्पर अक्षरशः सोलून निघाले. हे दोन डबे बिनमोटरचे, म्हणून हलके होते. पुढचा मोटरचा डबा वजनदार होता, त्याचे त्यामानाने कमी नुकसान झाले. किमान ९३ माणसे मेली. या रस्त्याचे नावच पुढे बदलून एम्पायर बूलेव्हार्ड करण्यात आले. यानंतर भुयारांमधून लाकडी डबे हटवण्याला वेग आला.

इथपर्यंतचा धडा सरळ होता: घर खोक्यासारखे लेचेपेचे नको, चौकटीसारखे मजबूत हवे. त्याच काळात आणखी एक साधी युक्ती पुढे आली. डब्याच्या टोकाला, चौकटीच्या उंचीवर, आडव्या खाचा असलेली जाड पोलादी पट्टी बसवायची. धडकेत समोरच्या डब्याच्या खाचा या खाचांत अडकतात. दोन कंगव्यांचे दाते एकमेकांत अडकवून पाहा, ते वर-खाली सरकत नाहीत. या पट्टीला ‘अँटी-क्लाइंबर’ म्हणजे चढणरोधक म्हणतात. आपल्या प्रयोगात पट्टी अर्धा सेंटिमीटर उचलली जाऊ न देण्याचे काम ती करते.

मजबूत असूनही

मग पोलादी डबे, मजबूत चौकट, चढणरोधक, एवढे झाल्यावर प्रश्न सुटला का?

२८ फेब्रुवारी १९७५ च्या सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी लंडनच्या भुयारी रेल्वेची सहा डब्यांची एक गाडी मूरगेट या शेवटच्या स्थानकात शिरली, आणि न थांबता फलाट ओलांडून बोगद्याच्या बंद टोकाच्या भिंतीवर आदळली. वेग ताशी ३० ते ४० मैल असावा. पहिला डबा ५२ फूट लांब होता, तो २० फुटांत दबला. तो दोन ठिकाणी वाकून बोगद्याच्या छताला जाऊन भिडला. दुसऱ्या डब्याचे पुढचे टोक चेमटले, तिसरा दुसऱ्यावर चढला. ४३ माणसे मेली. मागच्या डब्यांची मात्र तुलनेने फारशी हानी झाली नाही.

गाडी का थांबली नाही याचे खात्रीचे उत्तर कधीच मिळाले नाही. पण डब्यांची अवस्था बघून एक गोष्ट दिसत होती. सहाही डबे सारखेच मजबूत होते. तरी जवळजवळ सगळा मार एका डब्याने खाल्ला. असे का व्हावे?

इथे थोडे गणित करू. नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर करता येईल इतके ते सोपे आहे.

समजा सहा डब्यांची एक शहरी गाडी आहे. माणसांसह प्रत्येक डबा ३५ टनांचा, म्हणजे गाडी २१० टनांची. ती सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने तशाच एका उभ्या गाडीवर आदळते. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मे. उत्तर येते ४२ मेगाज्यूल. धडकेनंतर दोन्ही गाड्या एकत्र पुढे सरकतात. संवेग कायम राहतो, वस्तुमान दुप्पट होते, म्हणून वेग निम्मा होतो. हिशेब केला तर निम्मी ऊर्जा, २१ मेगाज्यूल, गतीच्या रूपात उरते आणि उरलेली २१ मेगाज्यूल धातू वाकवण्यात, फाडण्यात, चुरण्यात खर्च होते. मूरगेटसारखी भिंत समोर असेल तर भिंत हलत नाही, तेव्हा सगळीच ऊर्जा तिथल्या तिथे खर्च व्हावी लागते.

२१ मेगाज्यूल म्हणजे किती? सुमारे ६० लिटर थंड पाणी उकळायला लागेल तेवढी. आंघोळीच्या तीन-चार बादल्या! हा आकडा ऐकून विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटेल. ऊर्जा अचाट नाही. ती दोन-तीन सेकंदांत खर्च व्हायची असते आणि कुठे खर्च होणार हे कोणी ठरवलेले नसते, ही खरी अडचण आहे.

आता ‘कार्य म्हणजे बल गुणिले अंतर’ हे सूत्र वापरू. समजा डब्याचे टोक ९ लाख न्यूटन बलाने विरोध करते. हा आकडा मनाचा नाही. अमेरिकेतील अनेक शहरी रेल्वे डबे टोकावर २ लाख पौंडांचा दाब सोसतील असे बांधले जात, त्याचेच हे रूपांतर. एक मीटर चुरण्यात ०.९ मेगाज्यूल ऊर्जा खर्च होईल. मग २१ मेगाज्यूल खर्च व्हायला किती मीटर चुरावे लागेल? सुमारे २३ मीटर. आणि अशा डब्याची लांबी असते ७५ फूट, म्हणजे जवळपास २३ मीटर! ढोबळ हिशेब आहे, आकडे इतके जुळणे हा योगायोगही आहे, पण त्याचा अर्थ स्पष्ट आहे. सगळी धडक एकाच डब्याने पचवायची म्हटली तर तो डबा उरणार नाही.

रिकामी जागा शोधा

पण धडकेत फक्त एक डबा नसतो. दोन गाड्यांचे मिळून बारा डबे असतात. त्यांच्यात अकरा सांधे, आणि प्रत्येक सांध्याला दोन टोके, म्हणजे बावीस टोके. तेच २३ मीटर बावीस टोकांत वाटून दिले तर? प्रत्येक टोकाच्या वाट्याला साधारण एक मीटर येते. डब्याच्या टोकाच्या एका मीटरमध्ये सहसा काय असते? जोडणीची मोकळी जागा, विद्युत उपकरणांचे कपाट, लांब पल्ल्याच्या गाडीत संडास किंवा दरवाजाजवळची मोकळी जागा. माणसे बसतात ती जागा त्याच्या पुढे सुरू होते.

उत्तर समोर होते. पण ऊर्जा अशी आपणहून वाटली जात नाही. पत्र्याचा तेलाचा रिकामा डबा दाबून पाहा. आधी तो चांगला जोर सोसतो. पण एकदा पोचा पडला की पुढे तो थोड्याशा जोरानेही दबत जातो. रेल्वे डब्याचे तसेच आहे. सगळीकडे सारखा मजबूत डबा जिथे पहिल्यांदा वाकतो, तिथेच तो कमकुवत होतो. मग मागून येणारा सगळा जोर त्या एकाच ठिकाणी गोळा होतो आणि मागच्या डब्यांपर्यंत काही पोचतच नाही. मूरगेटचा पहिला डबा संपला आणि मागचे शाबूत राहिले ते यामुळे.

यावर उपाय उलटा वाटेल असा आहे. डब्याची टोके मुद्दाम कमकुवत करायची. कशीही नव्हे, हिशेबाने. माणसांची जागा मजबूत पेटीसारखी ठेवायची. टोकाला असे धातूचे ठोकळे किंवा नळ्या बसवायच्या की त्या घडी घालत चुरतील आणि चुरतानाही विरोध कमी होऊ देणार नाहीत. हा विरोध माणसांच्या पेटीच्या ताकदीपेक्षा थोडा कमी ठेवायचा. म्हणजे पहिले टोक पूर्ण दबले की पेटी न मोडता जोर मागच्या टोकाकडे जाईल, मग त्याच्या मागच्या.

मोटारगाड्यांमध्ये ही कल्पना आधी आली. मर्सिडीझचे अभियंते बेला बारेन्यी यांना त्यासाठी १९५२ साली पेटंट मिळाले: माणसांची कोठी कणखर, पुढचा-मागचा भाग चेमटणारा. रेल्वेत हा विचार रुजायला आणखी तीन-चार दशके गेली. एक कारण असे की रेल्वेत ‘मजबूत’ या शब्दाला फार मान होता. टोक मुद्दाम कमकुवत करा हे शंभर वर्षांच्या अनुभवाच्या विरुद्ध वाटे. दुसरे कारण, अशा रचनेचा हिशेब करायला शक्तिशाली संगणक हवे होते आणि तो हिशेब बरोबर आहे हे पाहायला खऱ्या गाड्या आपटून बघणे भाग होते.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील प्वेब्लो येथे रेल्वेचे मोठे चाचणी केंद्र आहे. तिथे खरोखर गाड्या आपटल्या गेल्या, माणसांच्या जागी बाहुले बसवून. २००२ साली जुन्या पद्धतीचे डबे असलेली गाडी, प्रवासी डबा पुढे आणि इंजिन मागे अशा स्थितीत, ताशी सुमारे ३० मैल वेगाने उभ्या इंजिनावर सोडण्यात आली. पुढचा डबा इंजिनावर चढला आणि त्याची २० फुटांहून जास्त जागा नष्ट झाली. २००६ साली तशीच चाचणी नव्या, टोके चुरणाऱ्या डब्यांवर झाली. वेग जवळजवळ तोच. या वेळी डबा चढला नाही. टोके एकामागून एक चुरत गेली आणि प्रवाशांची व चालकाची सगळी जागा शाबूत राहिली. आपल्या फळ्यावरच्या भागाकाराला मिळालेली ही साक्ष होती.

फुकट काही मिळत नाही हेही इथे सांगायला हवे. डबा शाबूत राहिला तरी आतला माणूस पुढच्या आसनावर आदळतोच. म्हणून नव्या रचनेबरोबर आसने, त्यांच्या पाठी, मधली टेबले यांचाही विचार करावा लागला.

ठाऊक होते, तरी

आता या इतिहासातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग.

वॉशिंग्टन शहराची मेट्रो १९७६ साली सुरू झाली. तिच्यासाठी पहिल्यांदा घेतलेल्या सुमारे ३०० डब्यांना ‘१००० मालिका’ म्हणत. ३ नोव्हेंबर २००४ रोजी यातल्या डब्यांची एक रिकामी गाडी उतारावरून मागे घसरली आणि वुडली पार्क स्थानकात उभ्या असलेल्या गाडीवर आदळली. घसरलेल्या गाडीचा शेवटचा डबा दुसऱ्या गाडीवर चढला आणि त्याच्या आतला मोठा भाग नष्ट झाला. सुमारे वीस जण जखमी झाले, मृत्यू एकही नाही. कारण एकच, त्या डब्यात कोणी नव्हते.

अमेरिकेतील अपघातांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने २००६ साली आपला अहवाल दिला. त्यात म्हटले की या मालिकेचे डबे धडकेत एकमेकांत शिरण्याचा आणि प्रवाशांची जागा पूर्ण नष्ट होण्याचा धोका आहे. तेव्हा ते लवकर निवृत्त करा, नाहीतर नव्या डब्यांच्या तोडीचे संरक्षण त्यांना बसवा. प्वेब्लोची यशस्वी चाचणी झाली तेही हेच वर्ष. म्हणजे रोगही कळला होता आणि औषधही सिद्ध झाले होते.

मेट्रोचे उत्तर आले की ते शक्य नाही. डबे भाडेपट्ट्याच्या अशा आर्थिक व्यवहारात अडकले होते की २०१४ च्या अखेरीपर्यंत ते सेवेत ठेवणे भाग होते. शिवाय तीनशे डबे बदलायचे तर पैसा हवा, वेळ हवा.

२२ जून २००९ च्या संध्याकाळी, कचेऱ्या सुटण्याच्या वेळी, फोर्ट टॉटन स्थानकाजवळ एक गाडी रुळांवर थांबली होती. रुळांत बसवलेली विद्युत यंत्रणा बिघडली होती, त्यामुळे ही गाडी स्वयंचलित नियंत्रणाला ‘दिसलीच’ नाही. मागून येणाऱ्या गाडीला पूर्ण वेगाने जाण्याची आज्ञा मिळत राहिली. गाडी दिसताच चालक महिलेने आणीबाणीचे ब्रेक लावले. धडकेच्या वेळी वेग ताशी ४४ ते ४९ मैल होता. उभ्या गाडीचा शेवटचा डबा धडकणाऱ्या गाडीच्या पहिल्या डब्यात शिरला. हा पहिला डबा १००० मालिकेचा होता. त्याच्या ७५ फुटांपैकी सुमारे ६३ फुटांत माणूस जगू शकेल अशी जागा उरली नाही. चालक महिला आणि आठ प्रवासी ठार झाले.

ताशी ४५ मैल म्हणजे सेकंदाला २० मीटर. दोन्ही गाड्या सहा-सहा डब्यांच्या. आपण फळ्यावर सोडवले ते उदाहरण हेच होते.

मेट्रोने यानंतर १००० मालिकेचे डबे गाडीच्या मधोमध ठेवायला सुरुवात केली, टोकांना नवे डबे. यामुळे संरक्षण मिळतेच असा पुरावा नाही, असे चौकशी मंडळाने बजावले. शेवटचा १००० मालिकेचा डबा २०१७ साली सेवेतून गेला. चौकशी मंडळाचा तो इशारा २००६ चा होता.

यात खलनायक शोधायचा मोह होतो, पण प्रश्न एका शहराचा नाही. रेल्वेचा डबा तीस-चाळीस वर्षे चालतो. ज्ञान त्याहून वेगाने बदलते. त्यामुळे कोणत्याही दिवशी रुळांवर जे डबे धावत असतात ते एका पिढीपूर्वीच्या समजुतीनुसार बांधलेले असतात. न्यूयॉर्कमध्ये १९०४ साली पोलादी डब्याच्या शेजारून तांब्याने मढवलेला लाकडी डबा धावत होता तो याच न्यायाने.

आपल्या रुळांवर

आपल्याकडेही या कथेचे दोन टप्पे दिसतात. २ ऑक्टोबर १९५५ रोजी चेन्नईजवळ पेरांबूर येथे इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली. डब्याचा आराखडा श्लिरेन या स्विस कंपनीचा होता. ‘इंटिग्रल’ या नावातच त्याचे मर्म आहे. खालची चौकट वेगळी आणि वरचे घर वेगळे असे न ठेवता, जमीन, भिंती आणि छप्पर मिळून एकसंध पोलादी नळी. पट्टी आणि खोके हा भेदच मिटवलेला. टोकेही अशी की ती आधी दबावीत. त्या काळच्या मानाने ही मोठीच झेप होती.

मात्र हे डबे एकमेकांना मळसूत्री जोडणीने आणि बाजूच्या दोन बफरांनी जोडलेले असत. रुळांवरून घसरल्यावर ही जोडणी डब्यांना एका रेषेत धरून ठेवत नाही, आणि डबा डब्यावर चढतो. २६ नोव्हेंबर १९९८ चा पंजाबातील खन्ना येथील अपघात आणि २ ऑगस्ट १९९९ चा गैसलचा अपघात यांत शेकडो माणसे गेली. त्यानंतरच्या काळात जर्मन आराखड्याचे एलएचबी डबे आले. त्यांना मधोमध घट्ट बसणारी जोडणी असते, तीच चढणरोधकाचे काम करते. पेरांबूरच्या कारखान्यात जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये बांधला गेला.

पण २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ कोरोमंडल एक्स्प्रेस उभ्या मालगाडीवर आदळली, तेव्हा तिचे डबे एलएचबीच होते. तरी २९० हून अधिक माणसे मेली. मग नव्या रचनेचा उपयोग काय? पुन्हा गणिताकडे जाऊ. २००८ च्या युरोपीय मानकानुसार मुख्य मार्गावरच्या गाडीने ताशी ३६ किलोमीटर वेगाने तशाच गाडीशी झालेली धडक पचवायला हवी. मेट्रोसाठी हा वेग ताशी २५ किलोमीटर धरतात. कोरोमंडलचा वेग ताशी १२८ किलोमीटरच्या आसपास होता. वेग साडेतीन पट, म्हणून ऊर्जा साडेबारा पट. मानकातल्या वेगाला एक मीटर पुरत असेल, तर तिथे बारा मीटर लागतील. इतकी रिकामी जागा कोणत्याही डब्यात नसते.

म्हणून डब्याची रचना ही शेवटची फळी आहे, पहिली नव्हे. मोठ्या वेगाची धडक सिग्नलने, ब्रेकने आणि माणसाने टाळायची. त्यातूनही जी लहान-मध्यम धडक होईल, ती डब्याने पचवायची. फोर्ट टॉटनला पहिली फळी फुटली आणि शेवटची फळी कच्ची होती.

पुढच्या वेळी मेट्रोच्या फलाटावर उभे असाल तेव्हा गाडीच्या पुढच्या टोकाला खाली नजर टाका. आडव्या खाचांची पट्टी दिसली तर विद्यार्थ्यांना विचारा, ही कशासाठी असेल? मग वर्गात दोन फूटपट्ट्या आणि दोन खोकी काढा. पट्टी अर्धा सेंटिमीटर उचलली की काय होते ते त्यांना स्वतः करून पाहू द्या. आणि मग हा दुसरा प्रश्नही विचारा: डबा बदलायला हवा हे कळल्यावर तो बदलायला किती वर्षे लागावीत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रात मिळेल. दुसऱ्याचे उत्तर त्यांना मोठे झाल्यावर, अभियंता, अधिकारी किंवा नुसते प्रवासी म्हणूनही, स्वतः द्यावे लागेल.